न्यू जर्सीतलं लायसन्सवालं वीडचं (गांजाचं) दुकान: रिव्ह्यू, आणि पेनसिल्व्हेनियातल्या मंडळींना विनंती

दुकानाचं नाव देत नाहीये, कारण मला जे सांगायचंय ते न्यू जर्सीतल्या लायसन्स असलेल्या बहुतेक दुकानांना थोड्याफार फरकाने लागू होईल. आमच्या टाऊनमध्ये दुकान नाहीच. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये गांजा कायदेशीर करायला राज्यातल्या जवळपास ६७ टक्के लोकांनी हो म्हणून मत दिलं, पण २०२१ च्या कायद्यात टाऊन्सना आपल्या हद्दीत दुकानं नको म्हणायची मुभा ठेवली होती आणि बहुतेकांनी ती वापरली. त्यामुळे शेजारच्या टाऊनमध्ये, हायवेवर टायरवाल्याच्या बाजूला आहे तिथे जावं लागतं.

दारातच गार्ड. माझे केस पांढरे झालेत तरी लायसन्स मागितलं, स्कॅन केलं आणि मगच आतलं दार उघडलं. माझ्या मागे दोन पोरं होती, एकाकडे आयडी होता आणि दुसऱ्याकडे नव्हता, तर त्या दुसऱ्याला सरळ बाहेर उभं केलं, हुज्जत घालूनही काही उपयोग झाला नाही. २१ पूर्ण नसतील तर आत पाऊलच नाही. मला हे फार आवडलं, कारण माझा मुलगा कॉलेजात आहे आणि कॅम्पसच्या बाहेर जो माणूस विकतो तो वय विचारत नाही.

मी गेले होते झोपेसाठी. मेनोपॉजनंतर रात्री तीनला डोळे उघडायचे ते उघडेच. माझ्या डॉक्टरशी आधी बोलले, चालू गोळ्यांची यादी दाखवली, मग गेले, आणि तुम्हीही तसंच करा. काउंटरवर पंचविशीतली मुलगी होती (बडटेंडर म्हणतात इथे), तिने आधी कधी घेतलंय का, दुसरी औषधं चालू आहेत का, घरी लहान मुलं आहेत का, सगळं विचारलं. मी गमीज (गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्या) म्हटलं तर म्हणाली पहिल्या दिवशी एका गमीचा पाव भागच खा, दोन तास थांबा, काही होत नाहीये म्हणून लगेच दुसरा तुकडा तोंडात टाकू नका, लोकांचं चुकतं ते तिथेच, कारण खाल्लेलं उशिरा चढतं. गाडी चालवायची नाही हेही न विचारता सांगितलं. मेडिकलच्या दुकानातसुद्धा इतक्या शांतपणे कुणी समजावून सांगितलेलं मला आठवत नाही.

आता पाकीट. घरी आल्यावर चष्मा लावून अख्खं लेबल वाचलं. दहा गमीज, एकेकात १० मिलिग्रॅम टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य), पाकिटात एकूण १००, राज्याचा नियमच आहे की याच्यावर नाही. बॅच नंबर, टेस्ट करणारी लॅब, पॅकिंगची तारीख. बुरशी, कीटकनाशकं आणि जड धातू यांची टेस्ट झाल्याशिवाय माल दुकानात येत नाही. पाकीट उघडायला आधी दाबायचं मग ओढायचं, लहान मुलाला जमणार नाही असं. गांजा कायदेशीर करा म्हणणारे आम्ही लोक पोरांना बिघडवायला निघालोय असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पाकीट एकदा हातात घेऊन बघावं. वीड तर आधीही मिळत होतंच, प्रत्येक शहरात, प्रत्येक हायस्कूलच्या मागे मिळत होतं, फक्त त्यात काय आहे आणि किती आहे ते कुणाला माहीत नव्हतं. कायद्याने ते माहीत झालं, एवढी एकच गोष्ट मला पुरेशी आहे.

मला स्वतःला पाव गमीने झोप लागते, सगळ्यांना लागेल असं मी म्हणत नाही.

तक्रारी आहेत. भाव चढेच आहेत, वर ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स आणि टाऊनचा २ टक्क्यांपर्यंत वेगळा. घरी एक रोपटं लावलं तरी अजूनही गुन्हा, औषध म्हणून गांजा घ्यायचं मेडिकल कार्ड असलेल्यालासुद्धा, आणि हे मला अजिबात पटत नाही. क्रेडिट कार्ड चालत नाही, कॅश नाहीतर डेबिट, कारण फेडरल सरकारने १९७० मध्ये गांजा हेरॉईनच्या ओळीत नेऊन बसवला आणि राज्यांनी काहीही केलं तरी मोठ्या कार्ड कंपन्या त्याला हात लावत नाहीत.

आणि आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं हेच. तुम्ही एच-वन (नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्डवर असाल तर या दुकानात जाऊ नका. राज्यात कायदेशीर असलं तरी इमिग्रेशन फेडरल आहे, २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने स्पष्टच सांगितलंय की राज्याच्या कायद्याने चालणारा वापरसुद्धा सिटिझनशिपच्या आड येऊ शकतो. मी सिटिझन आहे म्हणून बिनधास्त लिहितेय. मंडळाच्या कार्यक्रमात लोक कुजबुजत विचारतात, त्यांना मी हेच सांगते. तिथेच कुणीतरी म्हणतं की हे आपल्या संस्कृतीत बसत नाही, तर महाशिवरात्रीच्या भांगेचं काय? ब्रिटिशांनी १८९३-९४ मध्ये हिंदुस्थानात याच विषयावर कमिशन नेमलं होतं, शेकडो लोकांच्या साक्षी घेतल्या आणि निष्कर्ष काढला की सरसकट बंदी नको, बेताच्या वापराने विशेष नुकसान होत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी.

माझ्यासाठी खरा मुद्दा तुरुंगाचा आहे. एसीएलयू या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या रिपोर्टप्रमाणे काळे आणि गोरे साधारण सारखंच वीड घेतात, पण देशभरात काळ्या माणसाला अटक व्हायची शक्यता ३.६४ पट. न्यू जर्सीने कायदा केल्यावर कोर्टांनी साडेतीन लाखांहून जास्त जुन्या केसेस आपणहून पुसून टाकल्या. त्या प्रत्येक केसमागे नोकरीच्या फॉर्मवर अडलेला कुणीतरी होता.

आणि नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात? न्यूयॉर्क, न्यू जर्सी, डेलावेअर, मेरीलँड, ओहायो, एक वेस्ट व्हर्जिनिया सोडलं तर चहूबाजूंनी कायदेशीर, आणि तिथे ३० ग्रॅमपर्यंत सापडलं तर राज्याच्या कायद्यात अजून ३० दिवस तुरुंग आणि ५०० डॉलर दंड लिहिलेला आहे. २०२५ च्या मे महिन्यात तिथल्या हाऊसमध्ये (राज्याच्या खालच्या सभागृहात) १०२ विरुद्ध १०१ ने बिल पास झालं, दारूसारखीच सरकारी दुकानं काढायची म्हणून, आणि आठवड्याभरात वरच्या सभागृहाच्या, म्हणजे सिनेटच्या, कमिटीने ते पाडलं. फिलाडेल्फियाकडची माझी मैत्रीण इथे येते तेव्हा तिला मी दरवेळी बजावते की पाकीट पुलावरून परत न्यायचं नाही, राज्याची हद्द ओलांडली की फेडरल गुन्हा. तीच गमी, तीच बाई, मधे फक्त डेलावेअर नदी.

दुकानाला पाचपैकी चार, एक भावासाठी कापला. जाताना ओरिजिनल आयडी न्या, मोबाइलवरचा फोटो चालत नाही, आणि शनिवारी दुपारी जाऊ नका, फार रांग असते. पेनसिल्व्हेनियात मत असलेल्यांनी आपला स्टेट सिनेटर कोण ते शोधून ऑफिसला फोन करा, बिल परत आणा म्हणून सांगा. दोन मिनिटं लागतात, नाव आणि झिप कोड विचारतात, बस.