वेरूळची लेणी की देवगिरीचा किल्ला : सुटीचा एकच दिवस हाती असेल तर

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळची लेणी साधारण ३० किलोमीटरवर आहेत आणि देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचा किल्ला त्याच वाटेवर निम्म्यात लागतो. त्यामुळे बहुतेक कुटुंबे 'जाता जाता किल्लाही पाहू' असे ठरवतात आणि चांद मिनारपाशी छायाचित्रे काढून परततात. असा किल्ला पाहण्यापेक्षा तो दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बरोबर वयस्कर मंडळी किंवा कडेवरचे मूल असेल, तर वेरूळच निवडावे. क्रमांक दिलेल्या ३४ लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध, पुढची सतरा हिंदू आणि शेवटची पाच जैन आहेत. मात्र सगळी पाहण्याचा अट्टहास केल्यास संध्याकाळपर्यंत कोणते शिल्प कोठे पाहिले हेही आठवत नाही. दहावे विश्वकर्मा लेणे, सोळावे कैलास आणि बत्तिसावी इंद्रसभा एवढी तीन निवांत पाहिली तरी पुरे. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात वरून खाली कोरत आणलेल्या कैलासाच्या प्रांगणात तर गुडघे दुखणाऱ्यालाही खालूनच पुष्कळ काही दिसते. छताकडे मान वर करून पाहिल्यास गिलाव्याचे आणि जुन्या रंगाचे तुकडे अजून चिकटलेले आढळतात. घाईत फिरणाऱ्याच्या नजरेतून ते हमखास सुटतात.

कातळ तासलेला दोन्हीकडे आहे. देवगिरीला तो शत्रूला चढता येऊ नये म्हणून तासला. यादवांची ही राजधानी पुढे १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दिल्लीऐवजी आपली राजधानी केली. इथली खरी गंमत खंदक ओलांडल्यावर लागणाऱ्या अंधारीत आहे. वळणावळणाच्या त्या भुयारी वाटेत वटवाघळांचा उग्र दर्प नाकात भरतो, पायरी दिसण्याआधी पायालाच सापडते आणि इतका वेळ बडबडणारी मुले आपोआप मोठ्यांचा हात धरतात. त्यापुढे बारादरी आणि माथ्यापर्यंत चढ आहे, आणि उतरताना घोटे बोलू लागतात. विजेरी, पाणी आणि निदान तीन तास हाताशी नसतील, तर हा बेत करू नये. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. एप्रिल-मेमध्ये दहानंतर चढू नये.

धडधाकट मंडळींना दोन्ही साधायचे असल्यास किल्ला सकाळी आणि लेणी दुपारनंतर, हाच क्रम ठेवावा. लेण्यांची तोंडे पश्चिमेकडे असल्याने कलत्या उन्हात दर्शनी भाग उजळतो, शिवाय चढाई उन्हाआधी उरकते. मंगळवारी मात्र लेणी बंद असतात, तेव्हा त्या दिवशी किल्ला पाहून वेरूळला फक्त घृष्णेश्वराच्या दर्शनासाठी जावे.