होडीचं शिवून घेतलेलं कव्हर: पैसे नक्की कशाचे जातात?

१८ फुटी, ६ फूट रुंद होडीला मापाने शिवलेलं कव्हर तयार ताडपत्रीच्या कितीतरी पट महाग पडतं. तरी मालवण-देवबागकडे वर्षभर पाण्यात असलेल्या होडीला तेच परवडतं.

कापडाचा हिशोब सोपा आहे. ६० इंच पन्ह्याचे २० फुटी दोन पट्टे, म्हणजे साधारण १२ मीटर. खरे पैसे माप, शिलाई आणि जोडकामाचे. नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा, उतार आणि इंजिनाचा उंचवटा वेगळा कापावा लागतो. कारागीर होडीवर न येता फोनवर लांबी-रुंदी विचारत असेल, तर तिथे पैसे घालवू नका.

सुती कॅनव्हास ओला झाला की धागे फुगून भोकं बुजतात, पण दमट हवेत बुरशी धरतो. पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेलं कापड, पाणी अडवतं, मात्र आत वाफ कोंडते. म्हणून दोन टोकांना झाकलेल्या हवेच्या खिडक्या मागा.

कापडाआधी शिलाई जाते. साधा सुती दोरा उन्हाने-खाऱ्याने कुजतो. जाड पॉलिएस्टर दोरा आणि दुहेरी शिलाईच घ्या. रिंगा पितळी हव्यात, लोखंडी गंजून कापड खातात.

आणि कव्हर मधोमध उचलून धरणारा कणा! तो नसला तर पावसाचं पाणी साचतं. एका चौरस मीटरवर ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे ५० किलो. मग कितीही महाग कापड असो, फाटणारच. बांबू किंवा पाइप उभा करून मगच माप द्या.

१ जूनला मासेमारीबंदी लागते, होड्या उभ्या राहतात, तेव्हा कव्हरसाठी सगळ्यांची एकदम घाई. ऑर्डर एप्रिलातच टाका.