पायाभोवतीचा ड्रेन: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

गेल्या वर्षी मे महिन्यात संगमेश्वर तालुक्यात गावी चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर बांधून झालं. जागा उताराची, मागच्या अंगाला आठ फूट डोंगर कापलेला. म्हणून पायाच्या तीन बाजूंनी 110 मिमीची छिद्रांची पाईप टाकून ड्रेन करून घेतला, म्हणजे चर खणून त्यात खडी, गाळणीचं कापड आणि ही पाईप, की पाझराचं पाणी पायाशी न साठता बाहेर निघून जावं. मजुरीसकट 62 हजार गेले. मला लिहायचंय ते पाईप आतून धुता यावी म्हणून ठेवायच्या झाकणाबद्दल, जे ठेकेदाराने बसवलंच नाही.

पहिला पावसाळा सुखाचा गेला. पाईपचं तोंड खळ्याखाली व्हाळाकडे (ओढ्याकडे) काढलंय, तिथून सप्टेंबरपर्यंत मनगटाएवढी धार पडत होती. मी चार जणांना हाच ड्रेन करा म्हणून सांगितलं.

यंदा आर्द्रा लागल्या आणि मागच्या खोलीत कुबट वास यायला लागला. तांदळाचं पिंप सरकवून बघितलं, तर भिंत दोन फुटांपर्यंत ओली आणि कोपऱ्यात काळी बुरशी. तसाच पावसात व्हाळाकडे गेलो. बाहेर मुसळधार कोसळतंय आणि पाईपमधून ठिबक ठिबक पाणी! म्हणजे सगळं पाणी पायाशीच तुंबलेलं.

ठेकेदार अकरा दिवसांनी आला. म्हणाला, "पाऊसच जास्त झाला ओ यंदा. आतून केमिकल मारून घ्या, 18 हजारांत काम होईल." माझं डोकंच फिरलं. पाणी भिंतीच्या बाहेर साठलंय, आतून लेप मारून ते जाणार कुठे? त्याला परत पाठवलं आणि दोन गडी लावून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावर खणायला घेतलं.

तीन फुटांवर पाईप लागली. कापड थेट पाईपलाच गुंडाळलेलं आणि त्यावर तांबडा, बुळबुळीत गाळ इतका जाड, की बोटाने ओढला तर लोण्यासारखा निघत होता. वास गंजलेल्या लोखंडाचा. जांभ्यात लोह भरपूर असतं. ते पाझराच्या पाण्यातून येतं, पाईपच्या छिद्रांपाशी त्याला हवा लागली की गंजतं, त्यावर जिवाणू वाढतात आणि असा गाळ धरतो. खरं तर कापड पाईपला गुंडाळायचं नसतं; ते चरात आधी अंथरायचं, त्यात खडी, खडीत पाईप, वर पुन्हा खडी आणि मग कापडाची घडी मिटायची. पाणी गाळायला मोठी जागा मिळते, लवकर चोंदत नाही. शिवाय छिद्रं वरच्या अंगाला ठेवलेली. पाणी चरात खालून चढतं, त्यामुळे छिद्रं खालच्या बाजूला हवीत. उतार मात्र बरोबर निघाला, चाळीस फुटांना पाच इंच. लेव्हल पाईप लावून मी स्वतः तपासला. चर पायाच्या तळाच्या खाली नेलेला नव्हता, तेही योग्यच.

पण माझा खरा राग झाकणाचा. प्रत्येक वळणावर उभी पाईप जमिनीपर्यंत आणून वर झाकण बसवलं असतं, तर मोटरची नळी आत सोडून अर्ध्या तासात गाळ धुऊन निघाला असता. एका तोंडाला खर्च 600 रुपये, चार कोपऱ्यांचे 2,400. मी बांधतानाच विचारलं होतं. "तुंबत नाय हो, कशाला फुकट खर्च?" हे उत्तर मिळालं. त्या 2,400 पायी खोदाई आणि दुरुस्तीला 14,500 गेले. हे मला आजही पचत नाही.

ड्रेनच्या भानगडीत पडूच नका, असं लिहायचं मी ठरवलं होतं. पण पाईप मोकळी केली आणि एका रात्रीत चरातलं पाणी उतरलं. तेव्हा मत बदललं. खर्च वाया गेलेला नाही, काम अर्धवट झालं होतं.

दोन चुका माझ्याही आहेत. पन्हळीचं पाणी याच पाईपला जोडायला मी हो म्हटलं, कारण वेगळ्या पाईपचे तीन हजार वाचत होते. माझ्या छपराखालची जागा 1,200 चौरस फूट. दिवसाला 100 मिमी पाऊस झाला, की 11 हजार लिटर पाणी पालापाचोळ्यासकट त्या पाईपमध्ये उतरत होतं. आता पन्हळीला साधी, बिनछिद्रांची वेगळी पाईप थेट व्हाळापर्यंत नेली आहे. दुसरं म्हणजे अनंत आणि तगरीसाठी जोत्याला लागून मातीचा वाफा केला होता. माती काढून तिथे बाहेरच्या बाजूला उतार देऊन तीन फुटांचा कोबा केला.

शेजारचे काका कापलेल्या डोंगराच्या वर उघडा चर मारतात आणि दर वर्षी मिरगाआधी फावड्याने उपसतात. आम्हीही तसा चर मारला. वरचं पाणी घराकडे येण्याआधीच वळतं.

झाकणं बसवून दोनदा पाईप धुतली. नारळी पौर्णिमेला पहिल्यांदा पाणी सोडलं, तेव्हा दहा मिनिटं तांबडं पाणी येत राहिलं, मग नितळ झालं. धार पुन्हा मनगटाएवढी आहे. भिंतीवरचा डाग अजून आहे, तो मार्चमध्ये पूर्ण सुकल्यावर गिलावा काढून बघणार. ठेकेदाराचे शेवटचे आठ हजार मी दिलेले नाहीत. खोदाईचा हिशोब त्याला पाठवलाय, अजून फोन आलेला नाही.