उबदार रंगांच्या स्वयंपाकघरातला सायीच्या रंगाचा फ्रिज : अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सहाव्या महिन्यात फ्रिजच्या खालच्या दरवाज्याची बिजागरी सैल झाली, दरवाजा एका बाजूला झुकू लागला आणि कंपनीने वॉरंटीमध्ये तो संपूर्ण दरवाजाच बदलून दिला. काम विनामूल्य झाले, नवा दरवाजा घट्ट बसतो, आतली थंडी टिकते. गोष्ट एवढ्यावर मिटली असती तर मी हे लिहायला बसले नसते. परंतु त्याच दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरातले दिवे लावले तेव्हा वरचा दरवाजा सायीच्या रंगाचा आणि खालचा स्पष्ट गुलाबीसर दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून उजेड आला तेव्हा दोन्ही दरवाजे अगदी सारखे होते, आणि संध्याकाळी पुन्हा वेगळे. त्यानंतरचे पाच महिने या एका गोष्टीने माझा पिच्छा पुरवला आहे. फ्रिजची क्षमता, विजेचा वापर, आवाज यांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे आणि त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. मी केवळ रंगाविषयी लिहिणार आहे, कारण या फ्रिजसाठी मी जे जास्तीचे पैसे मोजले ते रंगासाठीच मोजले होते.

आमच्या स्वयंपाकघराचे नूतनीकरण पूर्ण होऊन अकरा महिने झाले. ओट्यामागे भाजक्या मातीच्या रंगाच्या टाइल्स आहेत, कपाटे मधासारख्या रंगाच्या लाकडाची आहेत, त्यांच्या मुठी पितळी आहेत आणि भिंतींना पिवळसर हस्तिदंती रंग आहे. उपकरणांपैकी दोनच नवी घेतली : हा फ्रिज आणि काळ्या काचेची शेगडी. स्टीलचा ओव्हन आणि पांढरा डिशवॉशर जुनेच ठेवले, कारण दोन्ही उत्तम चालत होते आणि चालती वस्तू केवळ रंग जुळत नाही म्हणून टाकून देणे मला पटत नाही. तेव्हा माझा अंदाज असा होता की फ्रिज या खोलीत सर्वांत शोभेल, काळी शेगडी खटकेल, स्टीलचा थंडपणा डोळ्यांत भरेल आणि डिशवॉशरकडे कोणाचे लक्षही जाणार नाही. या चारही बाबतींत माझा अंदाज चुकला.

मूळ चूक मात्र उपकरण निवडण्याआधीच झाली होती. मी आधी टाइल्स ठरवल्या, मग भिंतीचा रंग, मग लाकूड आणि सर्वांत शेवटी उपकरणे. वास्तविक क्रम उलटा हवा होता. भिंतीचा रंग दुकानात हव्या त्या छटेत मिसळून मिळतो, लाकडाच्या पॉलिशमध्ये तांबूस किंवा पिवळसर झाक कमीजास्त करता येते. उपकरण मात्र कारखान्यातून जेमतेम चार-पाच रंगांत येते आणि त्या रंगात तसूभरही बदल करता येत नाही. ज्या गोष्टीत निवडीला वाव सर्वांत कमी, ती आधी ठरवावी आणि बाकीचे तिच्याभोवती बसवावे, हे सुतार आणि रंगारी दोघेही निघून गेल्यावर माझ्या ध्यानात आले.

फ्रिज घरी आला त्या दिवशी तो हिरवट दिसला. दुकानात तो मऊ, दुधाळ, जरासा पिवळसर होता, म्हणून चुकीचा नग आला अशी माझी खात्रीच झाली आणि मी पहिली तक्रार नोंदवली. ती तक्रार चुकीची होती, हे आता मान्य केले पाहिजे. दुकानातला उजेड पांढराफटक होता आणि फ्रिजच्या शेजारी दुसरे फ्रिज होते. घरी त्याच्या शेजारी लालसर टाइल्स होत्या. तांबूस पृष्ठभागाला लागून असलेल्या फिकट रंगात डोळ्याला लालच्या विरुद्ध बाजूची, म्हणजे हिरव्याकडे झुकणारी झाक दिसते. मिशेल यूजेन शेव्रल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ विणकाम कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख असताना त्यांच्याकडे काळा धागा फिका दिसतो अशा तक्रारी आल्या होत्या. तपासाअंती काळ्या धाग्यात काही दोष नसून त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो तसा दिसतो, असे त्यांना आढळले, आणि 1839 मध्ये त्यांनी रंगांच्या या परस्परपरिणामाची सविस्तर मांडणी केली. जो प्रश्न त्या विणकरांपुढे होता तोच माझ्या फ्रिजपुढे होता. फ्रिज टाइल्सपासून हातभर दूर सरकवून मध्ये लाकडाची उभी फळी लावली, आणि हिरवटपणा जवळजवळ नाहीसा झाला. ही फळी आधीच्या कामातून उरलेली होती, त्यामुळे खर्च शून्य.

याच कारणाने पांढरा डिशवॉशर मला सर्वांत जास्त खटकू लागला. जुन्या स्वयंपाकघरात, राखाडी टाइल्सच्या शेजारी, तो निव्वळ पांढरा होता. आता मधाळ लाकडाच्या दोन कपाटांमध्ये तो निळसर दिसतो, जणू तेवढ्याच जागेत दुसऱ्या खोलीचा उजेड पडला आहे. त्यातच त्याची बटणांची पट्टी प्लास्टिकची आहे. दरवाज्याच्या पत्र्यावरचा रंग इतक्या वर्षांनंतरही पांढराच आहे, पण उष्णता आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण यांमुळे प्लास्टिक पिवळे पडत गेले, आणि आता एकाच यंत्रावर दोन पांढरे रंग नांदत आहेत. विशेष म्हणजे त्यांतला पिवळा पडलेला पांढराच या खोलीला अधिक शोभतो. उबदार रंगांच्या खोलीत पांढरे उपकरण घ्यायचेच असेल तर दुधाळ पांढरे घ्यावे आणि पत्रा व प्लास्टिक यांचा पांढरा आजच एकसारखा आहे ना, हे जवळून पाहावे. आज असलेला फरक पुढे वाढतच जातो.

स्टीलविषयी माझे मत पूर्णपणे पालटले आहे. तिसऱ्या महिन्यापर्यंत मी जुना ओव्हन बदलण्यासाठी पैसे बाजूला काढत होते. मग एका संध्याकाळी लक्षात आले की ओव्हनचा दरवाजा राखाडी दिसतच नाही. त्यावर समोरच्या लाकडाची तांबूस, धूसर छाया पसरलेली असते. रंग दिलेल्या पृष्ठभागाला स्वतःचा रंग असतो आणि तो तो सोडत नाही. घासून मंद केलेले स्टील मात्र समोर जे असेल त्याचा रंग थोडाथोडा उचलते. पांढऱ्या खोलीत ते थंड दिसते कारण खोलीच थंड असते. शिवाय त्याचा रंग वरून दिलेला नसतो. पोलादातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर आपोआप तयार होतो आणि ओरखडा पडला तरी तो पुन्हा तयार होतो, त्यामुळे ओरखड्याखाली वेगळा रंग निघत नाही. काळ्या स्टीलची उपकरणे मी याच कारणाने घेतली नाहीत : तो काळेपणा स्टीलवर चढवलेल्या थराचा असतो, आणि खोल ओरखडा पडला की खालचे चंदेरी स्टील उघडे पडते. स्टीलवर बोटांचे ठसे उमटतात, ही तक्रार खरी आहे. ओलसर कापडाने स्टीलवरच्या बारीक रेषांच्या दिशेने पुसले की ते जातात. ओव्हनसाठी बाजूला काढलेले पैसे पुढे दिव्यांना उपयोगी पडले.

काळ्या शेगडीबद्दल थोडक्यात सांगते. ती खटकत नाही. ओट्यावर सपाट असल्यामुळे काळा रंग सावलीसारखा वाटतो आणि टाइल्सचा लालपणा त्यामुळे उठून दिसतो. उभ्या आणि मोठ्या वस्तूसाठी, म्हणजे फ्रिजसाठी, मी काळा रंग घेतला नसता, कारण तेवढा मोठा काळा पृष्ठभाग खोलीतला उजेड गिळून टाकतो.

आता पुन्हा त्या दरवाज्याकडे येते. तंत्रज्ञ पहिल्यांदा आले ते सकाळी अकरा वाजता, आणि खिडकीच्या उजेडात दोन्ही दरवाजे पाहून त्यांनी अहवालात 'फरक नाही' असे लिहिले. त्यांच्या दृष्टीने ते खरेच होते. मग ग्राहक सेवा केंद्राने छायाचित्रे मागितली. मी रात्री दिव्याखाली फोनने छायाचित्रे काढली, आणि त्यांतही दोन्ही दरवाजे जवळपास एकसारखेच आले. कॅमेऱ्याच्या सेन्सरची रंगांची संवेदना माणसाच्या डोळ्यासारखी नसते, त्यामुळे डोळ्याला वेगळे दिसणारे दोन रंग त्याला एकच वाटू शकतात. छायाचित्रांच्या आधारे माझी तक्रार बंद करण्यात आली, आणि सोबत उत्तर आले की रंगातील सूक्ष्म फरक हा उत्पादनातील दोष मानला जात नाही. या उत्तराने मला जितका संताप आला तितका झुकलेल्या दरवाज्यानेही आला नव्हता. ज्या वस्तूचा रंग हाच विकण्याचा मुद्दा होता, तिच्या रंगातला फरक दोष कसा नव्हे?

दिवसा सारखे आणि दिव्याखाली वेगळे दिसणाऱ्या रंगांच्या या प्रकाराला मेटामेरिझम म्हणतात. एकच छटा वेगवेगळ्या रंगद्रव्यांच्या मिश्रणातून साधता येते. अशी दोन मिश्रणे एका उजेडात एकसारखी दिसतात, पण उजेडातील तरंगलांबींचे प्रमाण बदलले की दोघांची फारकत होते. नवा दरवाजा बहुधा वेगळ्या बॅचच्या रंगाचा असावा. ही गोष्ट कारखान्यांना अपरिचित नाही. रंग जुळवताना नमुने एकाहून अधिक प्रमाणित प्रकाशांत तपासण्याची पद्धत रूढ आहे : एक डी65, म्हणजे सुमारे 6500 केल्विनचा दिवसाचा उजेड, आणि दुसरा ए, म्हणजे तापलेल्या तारेच्या दिव्याचा 2856 केल्विनचा पिवळसर प्रकाश. रंगांतला फरक डेल्टा ई या परिमाणाने आकड्यात मोजताही येतो. म्हणजे 'सूक्ष्म' किती ते मोजता येते, आणि मी माझ्या दुसऱ्या तक्रारीत तो आकडाच मागितला. आकडा मिळाला नाही.

दरम्यान मी दिव्यांकडे वळले, आणि खरे सांगायचे तर हे काम मी पहिल्याच महिन्यात करायला हवे होते. आमचे एलईडी दिवे 3000 केल्विनचे, म्हणजे उबदार पांढरे होते आणि त्यांच्या खोक्यावर रंगदर्शनाचा निर्देशांक, ज्याला सीआरआय म्हणतात, 80 लिहिलेला होता. हा आकडा आठ फिकट रंगनमुन्यांच्या सरासरीवरून काढतात. गडद लाल रंगाचा नमुना, आर9, त्या सरासरीत धरलेलाच नसतो. त्यामुळे 80 निर्देशांकाचा दिवा लाल छटा पुष्कळ फिक्या आणि विपरीत दाखवू शकतो, आणि भाजक्या मातीच्या रंगांच्या खोलीत सगळा भार लाल छटांवरच असतो. मी 3000 केल्विनचेच, पण 90 हून अधिक निर्देशांकाचे आणि आर9 चा आकडा वेगळा छापलेले दिवे आणले. त्याआधी 2700 केल्विनचा एक दिवा लावून पाहिला होता. त्यात भिंत, फ्रिज आणि कपाटे सगळीच सारखी पिवळी होऊन एकमेकांत मिसळली, म्हणून तो काढला.

नव्या दिव्यांखाली टाइल्सचा विटकट तपकिरीपणा जाऊन खरा तांबडा रंग दिसू लागला, लाकडाला खोली आली, ओव्हन आणखी शोभू लागला, इतकेच काय, डिशवॉशरचा निळसरपणाही सौम्य झाला. दोन दरवाज्यांतला फरक निम्म्याहून कमी झाला असे मी म्हणेन. संपला नाही. आता तो खोलीत शिरताक्षणी दिसत नाही, पण ओट्याशी उभे राहून मान वळवली की दिसतो, आणि दिवसाचा बराच वेळ मी ओट्याशीच उभी असते.

त्यामुळे फ्रिजविषयी माझे आजचे मत असे आहे : रंग सुंदर आहे, आणि लाकडाच्या फळीमुळे व नव्या दिव्यांमुळे तो आता पहिल्या दिवसापेक्षा अधिक सुंदर दिसतो, परंतु ज्या रंगाचा सुटा भाग पुन्हा तसाच मिळण्याची हमी नाही, त्या रंगासाठी मी पुन्हा जास्तीचे पैसे देणार नाही. सायीचा, बदामी, हस्तिदंती अशा नावांना काही प्रमाण नाही. प्रत्येक कंपनीचा बदामी निराळा असतो. असे उपकरण घेणाऱ्याने खरेदीच्या दिवशीच दुकानदाराला विचारावे की दरवाजा, हँडल आणि बटणांची पट्टी याच रंगात सुटे मिळतात का आणि किती वर्षे मिळतील, आणि उत्तर लेखी घ्यावे. मी विचारले नव्हते. मॉडेलच्या पट्टीवर उत्पादनाचा महिना छापलेला असतो, त्याचेही छायाचित्र काढून ठेवावे. बॅचचा वाद निघाला तर तेवढाच पुरावा हाताशी राहतो.

तिसऱ्या तक्रारीच्या वेळी मी सूर्यास्तानंतरची वेळ आग्रहाने मागून घेतली. तेच तंत्रज्ञ आले, दाराशी थांबले, आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "ताई, खालचा दरवाजा गुलाबी दिसतोय." त्यांनी तसे अहवालात लिहिले, सहीनिशी. त्या अहवालावर कंपनीने वरचा आणि खालचा असे दोन्ही दरवाजे एकाच बॅचमधून पाठवण्याचे मान्य केले आहे. ते अजून आलेले नाहीत. आले की दोन्ही दरवाजे रात्रीच्या दिव्याखाली शेजारी उभे करून पाहिल्याशिवाय मी पोहोचपावतीवर सही करणार नाही, हे मी त्यांना लेखी कळवले आहे.