जुन्या डिझेल ट्रकचं इंजिन: हाफ, फुल की सरळ दुसरं?

जुना ट्रक घरी उभा करायला घेतला की घोडं बहुतेक वेळा इंजिनापाशी अडतं. चासी शाबूत असते, केबिनचं पत्रेकाम सवडीने होतं, ब्रेकच्या लाइनी आणि वायरिंग एकेक करून नवं घालता येतं. इंजिनाचं मात्र आधी ठरवावं लागतं, कारण जागा, हत्यारं आणि पैसा तिन्ही त्यावर अवलंबून असतात.

पर्याय तीन. हाफ इंजिन म्हणजे इंजिन चासीतच ठेवून वरून हेड (सिलिंडरांवरचं झाकण) आणि खालून चेंबर (ऑइलची तळटाकी) उतरवायचं, पिस्टन, रिंगा, लायनर (पिस्टन ज्यात सरकतो ती बाही), बिग एंडचे शेल (रॉड क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगच्या वाट्या) बदलायचे आणि क्रँक (खालचा मुख्य फिरता दांडा) जागच्या जागी राहू द्यायचा. फुल इंजिन म्हणजे सगळं खाली उतरवून नुसता ब्लॉक उरेपर्यंत खोलायचं, क्रँक ग्राइंडिंगला द्यायचा आणि नव्याने बांधायचं. तिसरा पर्याय म्हणजे जुनं बाजूला सारून वापरलेलं दुसरं इंजिन बसवायचं.

माझा कल आधीच सांगतो. डिझेलचा पंप मेकॅनिकल (बिनसंगणकाचा) असेल, ब्लॉक फुटलेला नसेल आणि इंजिन महिनोन्महिने उघडं ठेवायला कोरडी जागा असेल, तर मूळ इंजिन फुल बांधावं. हाफ इंजिनाची शिफारस लोक फार सहज करतात. ते ठरावीक परिस्थितीतच शहाणपणाचं असतं.

आधी मोजा, मग खोला

‘इंजिन बसलं’ असं म्हणून विकलेल्या ट्रकांपैकी काहींचं खरं दुखणं डिझेलच्या बाजूला असतं. डिझेल इंजिनात स्पार्क नसतो. हवा साधारण 16 ते 20 पट दाबली जाते, त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. त्यामुळे कॉम्प्रेशन गेलं तरी गाडी उचलत नाही आणि टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी नळीला केसाएवढी चीर पडून हवा ओढली गेली तरीही उचलत नाही. दोन्हींत लक्षणं सारखी आणि खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग न तुटणारी स्वच्छ धार. ती धार आलीच नाही किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा फेस दिसला, तर हेडला हात लावण्याआधी सक्शनची नळी आणि तांब्याचे वॉशर बदला.

चालू होणाऱ्या इंजिनाला आणखी दोन सोप्या परीक्षा आहेत. ऑइल भरायचं तोंड टॅपेट कव्हरवर असेल तर आयडलला त्यावर झाकण उलटं करून नुसतं ठेवा. ते थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडलं तर रिंगांतून वायू खाली चेंबरमध्ये जातोय. दुसरी परीक्षा म्हणजे नोझलच्या (सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपचा नट एकेक करून किंचित सैल करायचा. ज्या सिलिंडरचा नट सोडल्यावर इंजिनाचा आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मेलेला आहे. हे फक्त मेकॅनिकल पंपावर करायचं, तेही जाड हातमोजे आणि चष्मा घालून. कॉमन रेल, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या उंच दाबाच्या इंजिनावर चुकूनही नाही. तिथला दाब डिझेलची धार कातडीतून आत घुसवतो, आणि अशी जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागते.

मग कॉम्प्रेशन. डिझेलसाठी वेगळा गेज लागतो, पेट्रोलचा चालत नाही. निरोगी डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात 25 ते 30 बारच्या आसपास आकडा येतो. पण नेमकी मर्यादा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलीच धरायची. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक जास्त बोलका असतो. एखादा सिलिंडर कमी भरला तर त्याचा पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, अशा जागी आणून नोझलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि कान लावा. एअर क्लीनरकडे फुसफुस ऐकू आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरकडे आली तर एक्झॉस्ट, ब्रीदरमधून (चेंबरमधला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट किंवा तडकलेलं हेड. पहिल्या दोन आणि शेवटच्या प्रकारात कदाचित हाफ इंजिनही लागणार नाही, हेडचं काम पुरेल.

हाफ आणि फुल: फरक क्रँकचा आहे

हाफ इंजिनाचा फायदा उघड आहे. इंजिन उचलावं लागत नाही. कमिन्स 6 बीटीसारखं सहा सिलिंडरचं इंजिन सुकंच साधारण 500 किलोच्या आसपास भरतं. त्यासाठी छताला टांगलेली चेनपुली नव्हे, नीट इंजिन क्रेन हवी. हाफमध्ये ही कसरत टळते, गिअरबॉक्स सोडावा लागत नाही, क्लच तसाच राहतो.

तोटा लगेच दिसत नाही. नव्या रिंगांनी कॉम्प्रेशन परत आलं की प्रत्येक फेऱ्याचा धक्का पुन्हा पुरा बसायला लागतो, आणि तो झेलायला खाली जुनेच जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) असतात. ते झिजून अंडाकृती झाले असतील तर नवे शेल त्यांवर टिकत नाहीत. ऑइल प्रेशर गरम झाल्यावर पडतं आणि काही महिन्यांत खालून ठोका ऐकू येतो. मग तेच हेड, तेच गॅस्केट, तेच काम दुसऱ्यांदा.

म्हणून चेंबर उतरवल्यावर निर्णय पुन्हा एकदा घ्यायचा. बिग एंडची एक कॅप आणि मेनची (क्रँक ब्लॉकमध्ये बसतो तिथल्या बेअरिंगची) एक कॅप सोडा, शेल पुसून उजेडात धरा. सगळीकडे सारखा मंद राखाडी रंग असेल तर उत्तम. मधेमधे तांबूस रंग डोकावत असेल तर वरचा थर गेलाय. लांबट ओरखडे असतील तर ऑइलमध्ये कचरा फिरलाय. आता जर्नलवरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर क्रँक ग्राइंडिंगलाच जाणार. नख अडकलं नाही तरी मायक्रोमीटरने दोन दिशांना माप घ्यायचंच, कारण अंडाकृती झीज नखाला कळत नाही. जर्नल मापात असतील तर मेनचे शेलही चासीत असतानाच क्रँकच्या ऑइलच्या भोकात पिन घालून फिरवून काढता येतात. अशा वेळी हाफ इंजिन बिनधास्त करा. जर्नल मापाबाहेर असतील तर इंजिन खालीच येणार. क्रँक घासून 0.25 किंवा 0.50 मिमी अंडरसाइझ करतात आणि त्याच मापाचे शेल घालतात. ते घरी होत नाही.

दुसरा प्रश्न लायनरचा, आणि घरी काम करणाऱ्यासाठी हा फार मोठा आहे. वेट लायनरचं इंजिन घरी बांधायला सोयीचं असतं. पुलर लावून जुनी बाही ओढायची, बसायची कड साफ करायची, नव्या रिंग-सीलना साबणाचं पाणी किंवा मॅन्युअल सांगेल ते लावून नवी बाही उतरवायची. बोअरिंग मशीनची गरजच नाही. पण लायनर ब्लॉकच्या वर किती उभा राहतो ते डायल गेजने चार ठिकाणी मोजायलाच हवं. मिलिमीटरच्या शतांशांचा हा हिशेब चुकला की गॅस्केट फुंकणार. याउलट ज्या ब्लॉकमध्ये लायनरच नसतो, त्याचा बोअर झिजला की ब्लॉक मशीन शॉपमध्ये न्यायचा, बोअर वाढवायचा, ओव्हरसाइझ पिस्टन घालायचे. म्हणजे तिथे हाफ इंजिन हा पर्याय जवळपास उरत नाही. एकाच कमिन्सच्या घराण्यात दोन्ही सापडतात: बी मालिकेच्या 5.9 लिटर इंजिनाला लायनर नाही, सी मालिकेच्या 8.3 लिटरला वेट लायनर आहे. तेव्हा आपलं इंजिन कुठल्या जातीचं, हे पुलर विकत घेण्याआधी बघा.

जाता जाता: 5.9 लिटरच्या जुन्या बारा व्हॉल्व्हच्या इंजिनात पुढच्या गिअर केसमध्ये एक छोटी डॉवेल पिन असते. ती कालांतराने बाहेर सरकून गिअरमध्ये पडू शकते आणि केस फोडते. पुढचं कव्हर उघडलंच आहे तर तिच्यापुढे पट्टी बसवून घ्या.

वापरलेलं इंजिन म्हणजे झाकली मूठ

दुसऱ्या इंजिनाच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. ब्लॉकला खिडकी पडली असेल, म्हणजे रॉड तुटून बाहेर आला असेल, तर बाकी चर्चाच संपते. जुन्या इंजिनाचे पिस्टन किंवा हेड मिळतच नसतील तरीही तेच. शिवाय वेळ वाचतो.

पण आतलं दिसत नाही. वेट लायनरमध्ये एक छुपा रोग असतो, कॅव्हिटेशन. पिस्टनच्या धक्क्याने लायनर थरथरतो, त्याच्या पाण्याकडच्या अंगाला वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटताना धातू कुरतडतात. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नुसतं पाणी घालून चालवलेल्या इंजिनात हे वेगाने होतं. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, एक दिवस आरपार भोक, आणि ऑइल चहासारखं. बसवण्याआधी हे कळायला लायनर ओढून बघण्यावाचून फारसा मार्ग नाही, आणि लायनर ओढायचाच तर आपलंच इंजिन का नाही बांधायचं?

त्यामुळे वापरलेलं इंजिन घ्यायचं तर थंड असताना चालू करून दाखवणाऱ्याकडूनच घ्या. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन काही सांगत नाही. थंड असताना थोडा पांढरा धूर आला आणि गरम होताच गेला तर हरकत नाही. निळा धूर राहिला तर ऑइल जळतंय. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, ते सुधारता येतं. चेंबर उतरवून बेअरिंगची एक कॅप उघडू देतोय का, तेही विचारा. नकार मिळाला तर त्यातही उत्तर आहे.

इंजिन ‘तेच मॉडेल’ असलं तरी बसेलच असं नाही. फ्लायव्हील हाउसिंगचं माप, फ्लायव्हीलचा व्यास आणि स्टार्टरचे दात, माउंटिंगच्या जागा, चेंबरचा आकार, टर्बोच्या तोंडाची दिशा हे सगळं जुळावं लागतं. चेंबर पुढच्या अॅक्सलच्या बीमला घासणं ही नेहमीची अडचण. ताकद वाढली तर क्लच, गिअरबॉक्स आणि रेडिएटरही त्या मापाचे लागतात. मग चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. नोंदणीच्या कागदावर इंजिन नंबर असेल तर तो बदलून घेण्याचं कामही मागे लागतं.

मेकॅनिकल पंप की कॉमन रेल

ट्रक अजून घ्यायचाच असेल तर या मुद्द्यावर मी अडून बसेन. बॉशने इनलाइन पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन 1927 मध्ये सुरू केलं आणि पुढे कित्येक दशकं ट्रक त्याच तत्त्वावर धावले. असल्या पंपाचं टायमिंग घरी खुणा जुळवून बसवता येतं. पंप आणि नोझल मात्र टेस्ट बेंचवरच द्यायचे. नोझलची सुई आणि तिचं घर यांतली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, तिथे घासणं-पुसणं कामाचं नाही.

ट्रकमध्ये कॉमन रेल 1995 मध्ये हिनोने जपानमध्ये आणली. मेकॅनिकल नोझल साधारण 200 बारच्या आसपास उघडतं. सुरुवातीच्या कॉमन रेलमध्येच हजार बारच्या वर दाब गेला आणि पुढे दोन हजारांपलीकडे. गाडी धूर कमी सोडते, आवाज कमी करते, ओढते छान. पण दुसरं इंजिन बसवायचं तर त्याच्याबरोबर ईसीयू (इंजिनाचा संगणक), पूर्ण वायरिंग, अॅक्सिलरेटर पेडलचा सेन्सर आणि असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) हा सगळा संच एकाच गाडीतला लागतो. बऱ्याच इंजिनांत नवा इंजेक्टर घातला की त्याचा कोड स्कॅनरने भरावा लागतो. कॉमन रेल ट्रकच्या बाबतीत म्हणून माझं उलटं मत आहे: ईसीयू आणि वायरिंग धड असेल तर मूळ इंजिनच दुरुस्त करा. तेही गेलं असेल, तर संपूर्ण दाता ट्रक मिळाल्याशिवाय सुरुवात करू नका.

पहिल्यांदा चालू करताना

तिन्हींत एक गोष्ट समान. एअर इनलेट झाकेल एवढी जाड प्लायवूडची फळी हाताशी ठेवा. पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकला किंवा टर्बोतून ऑइल इनलेटमध्ये आलं तर डिझेल इंजिन स्वतःहून वेग घेतं आणि चावी बंद करून थांबत नाही, हवा तोडूनच थांबतं. हात किंवा कापड वापरू नका, ते आत ओढलं जातं.

त्यानंतर वाटा वेगळ्या होतात. वापरलेलं इंजिन गरम झालं, गळती दिसली नाही, की कामाला लागतं. नव्या रिंगांचं इंजिन मात्र तासन्तास आयडलला ठेवायचं नाही. बिनलोड चालवलं तर बोअरला काचेसारखी झिलई येते, रिंगा बसत नाहीत आणि ऑइल पीत राहतं. ऑइल प्रेशर आणि पाणी तपासलं की मध्यम लोडवर चढ-उतार असलेल्या रस्त्याने न्यायचं, मग पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर बदलायचे आणि हेड बोल्ट पुन्हा टॉर्क करायला सांगितले असतील तर करून टॅपेट फिलर गेजने तपासायचे.