मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट : दोन कामांमधला लॅग शोधायला कितपत कामाचं?

पुण्यात निवासी इमारतींच्या साइटवर मी प्लॅनिंग बघते. ठेकेदारांकडून आलेली वेळापत्रकं तपासणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. हा रिव्ह्यू मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या वेळापत्रकं बनवायच्या सॉफ्टवेअरच्या डेस्कटॉप आवृत्तीचा आहे, आणि तोही एकाच अंगाने : जोडलेल्या दोन कामांमध्ये दडलेला लॅग ते आपल्याला दाखवतं का? रिसोर्स, खर्च, रिपोर्ट यांवर भरपूर लिहिलं गेलंय. या प्रश्नाकडे मात्र कुणी फारसं बघत नाही, आणि आमच्या धंद्यात दिवस जातात ते इथेच.

लॅग म्हणजे एक काम संपल्यावर पुढचं सुरू होईपर्यंत मुद्दाम ठेवलेला वेळ. स्लॅब भरला की प्रॉप (खालचे टेकू) लगेच काढता येत नाहीत. आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, साधं पोर्टलँड सिमेंट असेल तर, साडेचार मीटरपर्यंत गाळा (स्पॅन) असलेल्या स्लॅबला ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४ दिवस थांबायचं. हा वेळ खरा आहे आणि वेळापत्रकात तो यायलाच हवा. पण तो लॅग म्हणून टाकला की त्याला ना नाव उरतं, ना जबाबदार माणूस. किती टक्के झालं तेही भरता येत नाही. गँट चार्टवर, म्हणजे कामांच्या पट्ट्यांच्या तक्त्यावर, दोन पट्ट्यांमध्ये मोकळी जागा दिसते, एक बाण दिसतो, बस. लॅग असलेला बाण आणि नसलेला बाण दिसायला सारखेच. माझी पहिली तक्रार हीच. एवढं महागाचं सॉफ्टवेअर, निदान बाणाचा रंग तरी वेगळा द्यायचा.

शिवाय मोकळी जागा दिसली म्हणजे लॅगच असेल असंही नाही. कुणीतरी तारीख हाताने टाइप केली की कामावर कन्स्ट्रेंट, म्हणजे तारखेचं बंधन, बसतो. कधी मध्ये सुट्टी येते, कधी दुसरंच एखादं काम पुढच्याला अडवून धरतं. काम मॅन्युअली शेड्यूल्ड (तारखा हाताने ठरवलेलं) असेल तर ते जोडणीचं ऐकतच नाही. डोळ्यांना सगळं सारखंच दिसतं.

यावर टास्क इन्स्पेक्टर हे उत्तर आहे, आणि ते खरोखर उत्तम आहे. टास्क टॅबवर इन्स्पेक्ट दाबलं की डावीकडे पट्टी उघडते आणि निवडलेल्या कामाची तारीख कशामुळे ठरली ते सांगते : आधीचं काम कोणतं, जोडणी कोणत्या प्रकारची, लॅग किती. ठेकेदाराबरोबर बैठकीला बसले की मी ही पट्टी उघडीच ठेवते. ‘हे काम इथून का सुरू होतंय?’ याचं उत्तर स्क्रीनवर असलं की आवाज आपोआप खाली येतात. फॉरमॅट टॅबवरच्या टास्क पाथमधलं ‘ड्रायव्हिंग प्रेडिसेसर्स’ याच्या जोडीला वापरावं. तारीख खरोखर ढकलणारी कामं तेवढी वेगळ्या रंगात उठून दिसतात.

पण इन्स्पेक्टर एका वेळी एकाच कामाबद्दल बोलतो. हजारभर ओळींच्या फाइलमध्ये लॅग कुठे कुठे आहेत, याची यादी देणारा तयार फिल्टर मला या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेला नाही. तो आपणच बनवायचा : प्रेडिसेसर्स (आधीची कामं) रकाना, ‘कंटेन्स’, आणि समोर अधिक चिन्ह. जोडणीत लॅग असेल तर त्या रकान्यात ‘१२एफएस+७डी’ (१२ क्रमांकाचं काम संपल्यावर ७ दिवसांनी) असं काहीतरी दिसतं, त्यामुळे फिल्टर बरोबर पकडतो. लीडसाठी, म्हणजे काम वेळेआधी ओढलेलं असेल तर, वजा चिन्ह शोधायचं. एक सावधगिरी : दुसऱ्या फाइलमधल्या कामाशी जोडणी असेल तर रकान्यात फाइलचा पत्ता येतो आणि फाइलच्या नावातला हायफनही वजा म्हणून सापडतो. ज्यांना थोडं व्हीबीए (ऑफिसच्या सॉफ्टवेअरमधलं प्रोग्रॅमिंग) येतं त्यांनी टास्क डिपेंडन्सीजवर, म्हणजे कामाच्या जोडण्यांच्या यादीवर, छोटा मॅक्रो लिहावा. तिथे लॅग मिनिटांच्या हिशेबात मिळतो, म्हणजे आठ तासांचा एक दिवस ४८० मिनिटं. एकच जोडणी दोन्ही कामांच्या यादीत येते, तेव्हा एकाच बाजूने मोजायची.

लॅग सापडला की पुढचा प्रश्न : हे दिवस कोणते? इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नुकसान सगळ्यात जास्त इथे होतं. लॅग ‘१४डी’ लिहिला तर तो कामाचे दिवस मोजतो, ‘१४ईडी’ लिहिला तर सलग दिवस. काँक्रीटला रविवार नसतो, ते सुट्टीच्या दिवशीही घट्ट होतं. समजा, सोमवारी संध्याकाळी स्लॅब भरून झाला. सलग १४ दिवस धरले तर प्रॉप काढायला तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी सुरुवात. कामाचे १४ दिवस आणि साइटचा आठवडा सहा दिवसांचा, तर गुरुवार. आणि सॉफ्टवेअरचं मूळ स्टँडर्ड कॅलेंडर कुणी बदललंच नसेल, तर त्यात शनिवारही सुट्टी असते, म्हणून सुरुवात थेट त्यापुढच्या सोमवारी. मंगळवार ते सोमवार, सहा दिवस, आणि तेही एका स्लॅबमागे. खालच्या मजल्याचं ब्लॉकचं काम तेवढं अडून राहतं आणि साइटवर सगळे कारण शोधत राहतात. आलेल्या प्रत्येक फाइलमध्ये मी आधी कॅलेंडर बघते, मग ‘डी’ की ‘ईडी’ ते बघते.

टक्क्यांचा लॅग मला आवडतो. वीटकाम अर्धं झालं की गिलावा सुरू, तर ‘एसएस+५०%’ लिहायचं; एसएस म्हणजे लॅग आधीच्या कामाच्या सुरुवातीपासून मोजायचा. वीटकामाचा कालावधी बदलला की लॅगही त्याप्रमाणात बदलतो.

दुसरा त्रास सॉफ्टवेअरचा नाही, वापरणाऱ्यांचा आहे. एका उपठेकेदाराच्या फाइलमध्ये लिफ्टची ऑर्डर आणि लिफ्ट बसवणं यांच्यामध्ये थेट साठ दिवसांचा लॅग होता. ड्रॉइंगची मंजुरी, कारखान्यातलं उत्पादन, वाहतूक, सगळं त्या एका अधिक चिन्हात. मंजुरी आमच्या बाजूने रखडली की त्यांच्या बाजूने, हे त्या फाइलवरून कुणालाच सिद्ध करता आलं नसतं. आम्ही ती परत पाठवली आणि तिन्ही कामं वेगळी लिहून मागितली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डीसीएमए या संस्थेच्या वेळापत्रक तपासायच्या चौदा कसोट्यांमध्ये लॅग असलेल्या जोडण्या ५ टक्क्यांहून जास्त नसाव्यात आणि लीड एकही नसावा असं आहे. बांधकामात ५ टक्के पाळणं अवघड आहे, पण मी तो आकडा समोर ठेवते. क्युरिंगसुद्धा (काँक्रीटला पाणी मारत राहणं) मी आता वेगळं काम म्हणून टाकायला सांगते, ‘१०ईडी’ कालावधीचं, कारण आमच्याकडे बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असतं आणि त्याला किमान १० दिवस पाणी लागतं. नाव दिलं की पाणी कोण मारणार हेही ठरतं.

प्रिमाव्हेरा पी६ या वेळापत्रकांच्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लॅग कोणत्या कॅलेंडरने मोजायचा हे निवडता येतं : आधीच्या कामाच्या, नंतरच्या कामाच्या, प्रोजेक्टच्या की चोवीस तासांच्या. ती सोय इथे हवी होती. पण मध्यम आकाराच्या बिल्डरला पी६ झेपत नाही, ना पैशाने, ना शिकायला. छोट्या ठेकेदाराला फक्त फाइल उघडून बघायची असेल तर मोफत मिळणारं प्रोजेक्टलिबर चालेल, ते मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची एमपीपी फाइल वाचतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. इन्स्पेक्टरला पूर्ण गुण, अर्धा कापला बाणांच्या सारखेपणासाठी, आणि एक कापला कारण संपूर्ण फाइलमधले लॅग एका क्लिकवर दाखवणारी सोय अजून आपल्यालाच बनवावी लागते.