व्हीएने दावा फेटाळला तर: फेरविचाराच्या तीन वाटा कशा आहेत

अमेरिकेतल्या माजी सैनिकांचा अपंगत्व भरपाईचा दावा व्हीएने, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याने, फेटाळला, की दाद मागायला तीन वाटा असतात. 19 फेब्रुवारी 2019 पासूनची ही व्यवस्था जुन्या अपीलपद्धतीपेक्षा नक्कीच बरी आहे. मात्र चुकीची वाट धरली तर महिनोन्‌महिने वाया जातात. कोणती धरायची, ते नकाराच्या पत्रातच कळतं.

आजाराचं निदान, सेवेत काय घडलं याचा पुरावा आणि या दोन्हींना जोडणारं वैद्यकीय मत, यांपैकी काय कमी पडलं ते पत्रात शोधा. घोळ बहुधा तिसऱ्यात असतो. ‘गुडघेदुखी सेवेमुळे असू शकते’ एवढ्यावर दावा तरत नाही. ‘सेवेमुळे असण्याची शक्यता किमान पन्नास टक्के आहे’ असं डॉक्टरांनी स्वच्छ लिहायला हवं. सोबत कोणत्या नोंदी पाहिल्या आणि तसं का वाटतं, हेही. डॉक्टरांचं असं पत्र मिळालं की फॉर्म 20-0995, म्हणजे सप्लिमेंटल क्लेम: नव्या पुराव्यासह पुन्हा केलेला दावा. आमच्या मते तिन्हींत हीच वाट सर्वांत उपयोगी. जुनेच कागद पुन्हा जोडले तर मात्र उपयोग नाही.

पुरावा फायलीत होता, पण पाहिलाच गेला नाही? मग हायर-लेव्हल रिव्ह्यू, फॉर्म 20-0996. इथे नवा कागद चालत नाही. वरिष्ठ अधिकारी तीच फाइल नव्याने तपासतो. फोनवर बोलण्याची सोय फॉर्मवरच मागता येते, ती जरूर मागा. फोन एकदाच होतो, म्हणून कोणत्या तारखेची कोणती नोंद सुटली तेवढंच सांगा. दुखण्याची कहाणी नव्याने सांगत बसलात तर ती संधी गेलीच.

बोर्ड अपील, म्हणजे व्हीएच्या अपील मंडळाकडे दाद, फॉर्म 10182, सगळ्यांत संथ. न्यायाधीशासमोर सुनावणी मागितली तर आणखी लांबतं. कायद्याच्या अर्थावरच वाद असेल तर ठीक.

मुदत नकाराच्या पत्रावरच्या तारखेपासून एक वर्ष. सप्लिमेंटल क्लेम नंतरही करता येतो, पण भरपाई सुरू होण्याची मूळ तारीख हातची जाते आणि तिच्यासोबत थकबाकीही. हे नुकसान पुढे भरून काढणं फार अवघड.

मान्यताप्राप्त माजी सैनिक संघटना हे काम फुकट करून देतात. मान्यता नसताना टक्केवारी मागणाऱ्यांच्या नादी लागू नका. आणि फॉर्म 20-10206 भरून स्वतःच्या फायलीची प्रत आधी मागवा. दाव्यासाठी झालेल्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल तिच्यातच सापडतो.